काखेत काठ्या, कमरेला पट्टा

स्कॉटलंडच्या पश्चिम किनाऱ्यावर प्रेस्टविक नावाचं गाव आहे. १७ ऑक्टोबर १८६० रोजी तिथल्या वाळूच्या टेकाडांत आठ माणसं गोल्फ खेळायला जमली. बारा होलचं मैदान, त्याच्या तीन फेऱ्या आणि सगळं एकाच दिवसात. मसलबरोच्या विली पार्कने १७४ फटक्यांत खेळ पुरा केला, टॉम मॉरिसला १७६ लागले. पार्कला मिळाला लाल मोरोक्को चामड्याचा, चांदीच्या बकलचा पट्टा, तोही वर्षभर सांभाळण्यापुरता. रोख बक्षीस काहीच नव्हतं. आज जगभर ‘द ओपन’ म्हणून जी स्पर्धा ओळखली जाते, तिचा हा पहिला दिवस. त्या आठांत कुणी जमीनदार, वकील किंवा लष्करी अंमलदार नव्हता. आयोजकांनी इतर क्लबांना पत्रं पाठवून त्यांचे भरवशाचे कॅडी मागवले होते. कॅडी म्हणजे खेळणाऱ्या साहेबाच्या काठ्या काखेत घेऊन मागून चालणारा, हरवलेला चेंडू शोधून देणारा आणि कुठली काठी वापरावी हे हळूच सुचवणारा मजूर. आपल्या मनात गोल्फचं चित्र पक्कं आहे: हिरवळ, टोपी घातलेला साहेब, मागे पिशवी वाहणारा पोरगा. हे चित्र खोटं नाही. पण त्यातून असा समज होतो की खेळ साहेबाने वाढवला आणि पोरगा नुसता मागून चालला. माझं म्हणणं नेमकं उलट आहे. गोल्फ एका किनाऱ्यावरून जगभर पसरला तो काठ्या वाहणाऱ्यांतून निघालेल्या चॅम्पियनांमुळे. क्लबांनी त्यांना जागा दिली, पण पसरवण्याचं काम या माणसांच्या हातांनी केलं.

खेळ जुना आहे याबद्दल वाद नाही. १४५७ साली स्कॉटलंडच्या पार्लमेंटने फुटबॉलबरोबर गोल्फवरही बंदी घातली, कारण तिरंदाजीचा सराव मागे पडत होता. ज्यावर बंदी घालावी लागते तो खेळ लोकांत रुजलेलाच असतो. १७४४ साली एडिंबराजवळच्या लीथ इथल्या सद्‌गृहस्थांनी तेरा नियम लिहून काढले आणि चांदीच्या गोल्फ-काठीसाठी स्पर्धा लावली, ती जॉन रॅट्रे नावाच्या शल्यवैद्याने जिंकली. तरीही पुढची शंभर वर्षं खेळ स्कॉटलंडच्या पूर्व किनाऱ्याभोवतीच घोटाळत राहिला. त्याचं एक कारण चेंडूत होतं. चामड्याच्या पिशवीत उकडलेली पिसं ठासून भरायची, पिशवी शिवायची आणि वाळवून टणक करायची. चांगल्या कारागिराचेही दिवसाला तीन-चारच चेंडू होत, त्यामुळे चेंडू महाग. शिवाय पावसात भिजला की तो फुगून शिवणीवर उसवायचा. या धंद्यातला आणि खेळातलाही सर्वांत नावाजलेला माणूस म्हणजे सेंट अँड्र्यूजचा अ‍ॅलन रॉबर्टसन. तिथल्या ओल्ड कोर्सवर ऐंशीच्या आत फेरी संपवणारा तो पहिला खेळाडू. १८५८ साली त्याने ती ७९ फटक्यांत केली. १८४८ च्या सुमारास मलायाकडच्या झाडाच्या चिकापासून केलेला गटापर्चाचा चेंडू आला. तो स्वस्त होता, ओला झाला तरी बिघडत नसे, आणि चेपला तर गरम पाण्यात टाकून पुन्हा गोल करता येई. रॉबर्टसनच्या पोटावरच तो पाय होता. त्याच्या हाताखाली काम करणारा टॉम मॉरिस एकदा या नव्या चेंडूने खेळताना सापडला आणि दोघांचं बिनसलं. १८५१ साली मॉरिस प्रेस्टविकला गेला आणि तिथलं बारा होलचं मैदान त्यानेच आखलं. १८५९ मध्ये रॉबर्टसन वारला, तेव्हा आता सर्वांत मोठा खेळाडू कोण, हा प्रश्न उघडा पडला. प्रेस्टविकची स्पर्धा त्या प्रश्नाचं उत्तर शोधण्यासाठी होती.

नुसत्या क्लबांनी खेळ वाढतो का, हे तपासायला आपल्याच देशात चांगला पुरावा आहे. ब्रिटिश बेटांबाहेरचा पहिला गोल्फ क्लब १८२९ साली कलकत्त्यात निघाला आणि १८४२ साली मुंबईत. म्हणजे प्रेस्टविकचा क्लब स्थापन होण्याआधीच मुंबईत गोल्फ क्लब होता. मुंबईच्या मंडळींनी सेंट अँड्र्यूजच्या क्लबला रौप्यपदकही भेट दिलं, आणि ते तिथे आजही ‘बॉम्बे मेडल’ म्हणून ओळखलं जातं. जागा होती, पैसा होता, हौस होती, काठ्या वाहायला माणसंही होती. पण त्या माणसांनी समोरासमोर खेळावं, त्यांतला उत्तम कोण हे गावासमोर ठरावं, अशी उघडी स्पर्धा नव्हती. त्यामुळे क्लबच्या कुंपणाबाहेर कित्येक पिढ्या खेळ गेला नाही. इंडियन ओपन जिंकणारा पहिला भारतीय व्यावसायिक अली शेर दिल्लीच्या मैदानावर कॅडी होता, आणि त्यासाठी १९९१ साल उजाडावं लागलं. प्रेस्टविकने हे दार दुसऱ्याच वर्षी उघडलं. १८६१ साली स्पर्धा सर्व जगासाठी खुली असल्याचं जाहीर झालं.

त्या दारातून आलेली पहिली दोन माणसं बाप-लेक होती. थोरला टॉम मॉरिस हा हातमागावर विणणाऱ्याचा मुलगा. त्याने १८६१, १८६२, १८६४ आणि १८६७ अशी चार वेळा स्पर्धा जिंकली, आणि शेवटच्या वेळी तो ४६ वर्षांचा होता. इतक्या वयात ती कुणीही जिंकलेली नाही. लगेच पुढच्या वर्षी त्याचा मुलगा धाकटा टॉम १७ व्या वर्षी जिंकला, आणि इतक्या लहान वयातही आजवर दुसरं कुणी जिंकलेलं नाही. तिथपासून सलग तीन वर्षं धाकट्यानेच पट्टा घेतला. १८७० साली पहिलाच होल ५७८ यार्डांचा होता, तो त्याने लाकडी काठ्या आणि गटापर्चाचा चेंडू वापरून तीन फटक्यांत संपवला. ३६ होलना एकूण १४९ फटके, दुसऱ्या क्रमांकाहून बारा कमी. सलग तीनदा जिंकणाऱ्याने पट्टा घरी न्यावा असा नियम होता, त्यामुळे पट्टा गेला, आणि १८७१ साली द्यायला काहीच नसल्याने स्पर्धाच झाली नाही. ही घटना मला फार बोलकी वाटते. एका पोराने खेळाची उंची इतकी वाढवली की क्लबांकडे त्याला पुरेल असं बक्षीस उरलं नाही. वर्षभरानंतर तीन क्लबांनी प्रत्येकी दहा पौंड घालून चांदीची सुरई करवायचं ठरवलं. १८७२ ची स्पर्धाही धाकट्या टॉमनेच जिंकली. सुरई तोवर घडली नव्हती, पण तिच्यावर कोरलेलं पहिलं नाव त्याचंच आहे. सप्टेंबर १८७५ मध्ये तो बापाच्या जोडीने नॉर्थ बेरविकला पार्क बंधूंविरुद्ध खेळत असताना घरून तार आली. बाळंतपणात बायको आणि बाळ दोघंही गेली. त्याच वर्षी नाताळच्या दिवशी, २४ व्या वर्षी, टॉमही गेला. सेंट अँड्र्यूजच्या कॅथीड्रलच्या आवारात त्याचं स्मारक आहे आणि त्यासाठी साठ गोल्फ संस्थांनी वर्गणी दिली. विणकराच्या नातवासाठी साठ क्लब एकत्र येतात, तेव्हा खेळाचा मध्यबिंदू कुठे सरकला होता हे वेगळं सांगावं लागत नाही.

यावर पहिला आक्षेप येईल तो इतिहासाच्या अभ्यासकांकडून. ते म्हणतील, स्वस्त चेंडू आणि आगगाडी यांनी गोल्फ पसरवला, चॅम्पियन हे त्याचं फळ, मूळ नव्हे. या म्हणण्यात तथ्य आहे. ग्लासगो-एअर लोहमार्ग प्रेस्टविकच्या मैदानाला लागूनच जातो, तिथल्या पहिल्या होलचं नावच ‘रेल्वे’ आहे. सेंट अँड्र्यूजला आगगाडी १८५२ मध्ये पोचली. पण तारखा लावून पाहा. चेंडू १८४८ चा, गाडी १८५२ ची, आणि इंग्लंडमध्ये गोल्फचा खरा पूर आला तो शतकाच्या शेवटच्या दोन दशकांत. मधली तीसेक वर्षं साधनं हजर होती, तरी पूर आला नाही. गाडी माणसाला मैदानापर्यंत नेते, पण मैदान आधी कुणीतरी आखावं लागतं, राखावं लागतं, काठ्या घडवाव्या लागतात, नवख्याला हात धरून शिकवावं लागतं. ही चारही कामं चॅम्पियनांनी आणि त्यांच्या भाऊबंदांनी केली. थोरला टॉम १८६४ साली वर्षाला पन्नास पौंडांवर सेंट अँड्र्यूजचं मैदान राखायला परतला, आणि पुढे स्कॉटलंड, इंग्लंड, आयर्लंडभर मैदानं आखत हिंडला. चेंडूची पुढची गोष्टही हेच सांगते. अमेरिकेत कोबर्न हॅस्केलने रबरी धाग्याच्या गाभ्याचा चेंडू काढला, तरी इंग्लंड-स्कॉटलंडमधले मुरलेले खेळाडू त्याकडे संशयाने पाहत. १९०२ साली हॉयलेकला सँडी हर्डने तो वापरून ओपन जिंकली, आणि थोड्याच काळात गटापर्चा इतिहासजमा झाला. यंत्र वाट पाहत होतं, विश्वास दिला तो विजेत्याने.

इंग्लंडमधल्या प्रसाराचा धागा तर हातात धरून मागे जाता येतो. डेव्हनच्या किनाऱ्यावर वेस्टवर्ड हो! इथे १८६४ साली क्लब झाला, आणि त्याच्या मैदानाच्या आखणीत थोरल्या टॉमचा हात होता. शेजारच्या नॉर्दम गावातला जे. एच. टेलर हा गरीब घरातला मुलगा तिथे कॅडी झाला. १८९४ साली ओपन प्रथमच स्कॉटलंडबाहेर, सँडविचला भरली. ती टेलरने जिंकली आणि पुढच्या वर्षी खुद्द सेंट अँड्र्यूजला जाऊन पुन्हा जिंकली. जर्सी बेटावरचा हॅरी व्हार्डन बागकाम करायचा. त्याच्या लहानपणी गावच्या माळावर मैदान झालं आणि गावची पोरं कॅडी झाली, त्यांतलाच हा एक. जेम्स ब्रेड फाइफचा, पेशाने सुतार. १८९४ ते १९१४ या काळातल्या एकवीस ओपनपैकी सोळा या तिघांनी वाटून घेतल्या: व्हार्डनने सहा, इतर दोघांनी पाच-पाच. सहा विजयांचा विक्रम आजही व्हार्डनच्याच नावावर आहे. तिघांत टेलरबद्दल मला विशेष आदर आहे, कारण तो जिंकून थांबला नाही. १९०१ साली व्यावसायिक गोल्फपटूंची संघटना उभी राहिली, तिचा पहिला अध्यक्ष तो होता. क्लबांच्या मर्जीवर जगणाऱ्या शिक्षकांना आणि कारागिरांना तिने एकत्र आणलं.

अमेरिकेतही हेच घडलं, फक्त वेग जास्त होता. १८९५ साली न्यूपोर्टला पहिली अमेरिकन ओपन झाली, ती २१ वर्षांच्या होरेस रॉलिन्स या इंग्रज तरुणाने जिंकली. तेव्हापासून १९१० पर्यंतचा प्रत्येक विजेता ब्रिटनमध्ये जन्मलेला होता. कार्नूस्ती, नॉर्थ बेरविक, सेंट अँड्र्यूज अशा गावांतली मुलं बोटीने जात होती आणि तिथे शिक्षक, कारागीर, मैदान राखणारे म्हणून रुजत होती. डॉर्नकचा डोनाल्ड रॉस थोरल्या टॉमच्या हाताखाली शिकला आणि अमेरिकेत त्याने चारशेच्या आसपास मैदानं आखली. कार्नूस्तीच्या स्ट्युअर्ट मेडनचा फटका पाहून अटलांटाचा एक मुलगा त्याची नक्कल करू लागला, तो पुढे बॉबी जोन्स झाला. १९०० साली व्हार्डन स्वतः नव्या चेंडूच्या जाहिरातीसाठी अमेरिकाभर सामने खेळत फिरला आणि जाता जाता शिकागोला तिथली ओपनही जिंकला. १९१३ साली तो पुन्हा आला, तेव्हा ब्रुकलाइनला त्याच्यापुढे उभा राहिला वीस वर्षांचा फ्रान्सिस विमेट. विमेटचं घर मैदानासमोर, रस्त्यापलीकडे होतं आणि त्याच मैदानावर त्याने कॅडीचं काम केलं होतं. काठ्या वाहायला सोबत दहा वर्षांचा एडी लावरी. निर्णायक फेरीत विमेटला ७२ फटके लागले, व्हार्डनला ७७, तिसरा स्पर्धक टेड रे याला ७८. कामकरी घरातला मुलगा जगातल्या सर्वश्रेष्ठाला हरवतो, ही बातमी खेळाच्या पानांवरून उचलून पहिल्या पानावर गेली. कुणा उद्योगपतीच्या विजयाने हे घडलं असतं असं मला वाटत नाही.

दुसरा आक्षेप हौशी खेळाडूंच्या बाजूने येतो. १८९० साली ओपन जिंकणारा पहिला इंग्रज आणि पहिला हौशी खेळाडू जॉन बॉल, दोनदा जिंकणारा हॅरल्ड हिल्टन, आणि गोल्फचं वेड असलेला राजकारणी आर्थर बाल्फोर यांनी खेळाला प्रतिष्ठा दिली नाही का? दिली. बाल्फोरसारखा मंत्री काठी हातात घेतो तेव्हा मध्यमवर्गाला तो खेळ हवासा वाटतो, हे मी नाकारत नाही. पण प्रतिष्ठेने माणूस मैदानावर आला तरी शिकायला तो कॅडीतून शिक्षक झालेल्याकडेच जात होता. आणि बॉलचा विजय गाजला तो तीस वर्षं व्यावसायिकांनी जिंकलेली स्पर्धा त्याने त्यांच्याकडून हिसकावली म्हणून. त्या स्पर्धेला मोल चढवलं होतं पार्क आणि मॉरिस या घराण्यांनी.

तिसरा आक्षेप सर्वांत जड आहे आणि तो मला टाळायचा नाही. खेळ लोकप्रिय झाला म्हणता, पण कुणासाठी? ज्यांनी तो पसरवला त्यांना क्लबघरात पाऊल ठेवता येत नव्हतं. १९२० साली डील इथल्या ओपनला आलेल्या वॉल्टर हेगनने व्यावसायिकांना आत कपडे बदलायला बंदी म्हणून भाड्याची मोटार दारात उभी केली आणि तिच्यात कपडे बदलले. त्याच वर्षी अमेरिकेत टोलीडोच्या क्लबने आपलं घर व्यावसायिकांना उघडं केलं, तेव्हा खेळाडूंनी वर्गणी काढून क्लबला एक उंच घड्याळ भेट दिलं. इतक्या साध्या वागणुकीसाठी इतकी कृतज्ञता वाटावी, यातच आधीची वागणूक कळते. मला इथे जॉन शिपन आठवतो. न्यूयॉर्कजवळच्या शिनेकॉक हिल्सचं मैदान घडवताना मजुरी केलेला, तिथेच कॅडी झालेला कृष्णवर्णीय मुलगा. १८९६ ची अमेरिकन ओपन त्याच मैदानावर होती. शिपन आणि शिनेकॉक जमातीचा ऑस्कर बन हे दोघं खेळणार असतील तर आम्ही खेळणार नाही, असं काही व्यावसायिकांनी बजावलं. म्हणजे स्वतः मागच्या दाराने आलेल्यांनीच मागच्यांसाठी दार लावून घेतलं. स्पर्धा भरवणाऱ्या अमेरिकन गोल्फ संघटनेचे अध्यक्ष थिओडोर हॅवमायर बधले नाहीत. हे दोघं खेळतील, तुम्ही आलात किंवा न आलात तरी स्पर्धा होईल, असं त्यांनी कळवलं. पहिल्या फेरीअखेर शिपन आघाडीवरच्यांत होता. दुसऱ्या फेरीत एका होलवर चेंडू वाळूत गेला, तिथे अकरा फटके गेले, आणि तरी तो सहाव्या क्रमांकावर आला. पुढे तो आयुष्यभर गोल्फच शिकवत आणि काठ्या घडवत राहिला. अमेरिकेतल्या व्यावसायिकांच्या संघटनेने मात्र आपल्या घटनेतलं ‘फक्त गोऱ्यांसाठी’ हे कलम १९६१ पर्यंत ठेवलं. शिपन १९६८ साली वारला. संघटनेने त्याला सदस्यत्व दिलं ते २००९ मध्ये.