ट्रकमागचा ट्रेलर: पातळीचे गणित

नेपरव्हिलहून ट्रेलर घेऊन निघालेले वाहन थोड्याच वेळात आय-८८ महामार्गाला लागते. तेथे शेजारून जाणारे अवजड मालट्रक आणि सपाट प्रदेशावरून येणारा आडवा वारा ट्रेलरची खरी परीक्षा घेतात. ट्रेलर जमिनीला समांतर नसेल, तर ही परीक्षा जिवावर बेतू शकते.

यामागील तत्त्व बैलगाडीइतके जुने आहे. मागे ओझे वाढले की गाडी उलाळते. पुढे वाढले की जू बैलांच्या मानेवर बसते. ट्रेलरचे तोंड वर राहिल्यास बॉलवरील भार घटतो आणि ट्रेलर डोलू लागतो. तोंड फार खाली गेल्यास ट्रकचा मागचा आस दबतो, पुढची चाके हलकी होतात आणि स्टिअरिंग व ब्रेक यांवरील पकड कमी होते. दुहेरी आसाच्या ट्रेलरमध्ये एकाच आसावरील टायरांना जादा ताण सोसावा लागतो.

सामान्यतः भरलेल्या ट्रेलरच्या वजनाच्या १० ते १५ टक्के भार बॉलवर असावा. म्हणजे ५,००० पौंडांच्या ट्रेलरसाठी ५०० ते ७५० पौंड.

मोजमाप सपाट जागी करावे. ट्रेलर समपातळीत ठेवून जमिनीपासून कप्लरच्या खालच्या कडेपर्यंतची उंची मोजावी. नंतर ट्रकच्या रिसीव्हरच्या चौकोनी तोंडाच्या वरच्या आतील कडेची उंची घ्यावी. पहिली १८ आणि दुसरी २२ इंच भरल्यास ४ इंच खाली उतरणारा बॉल माउंट लागेल. जोडल्यावर सामानासह पुन्हा तपासावे. तोंड किंचित खाली असलेले चालते, वर नको.

येथे एक गैरसमज टाळावा. हवेच्या पिशव्या ट्रकचा मागचा भाग उचलतात. मात्र पुढच्या आसावरून गेलेला भार त्या परत आणत नाहीत. ते काम भार विभागणारी हिच करते. म्हणून ट्रेलर जोडण्यापूर्वी व नंतर पुढच्या चाकावरील फेंडरची उंची मोजून पाहावी.

एकूण वजन ३,००० पौंडांहून अधिक असल्यास इलिनॉयमध्ये ट्रेलरला स्वतंत्र ब्रेक आवश्यक आहेत. तरीही ट्रेलर डोलू लागलाच, तर ट्रकचा ब्रेक जोरात दाबू नये. अ‍ॅक्सिलरेटरवरून पाय काढावा, स्टिअरिंग सरळ धरावे आणि केवळ ट्रेलरचा ब्रेक हाताने हळुवार लावावा. पाच मिनिटांची मोजपट्टी ही वेळ बहुधा येऊच देत नाही.