एक गिटार, एक आवाज आणि अकरा गाणी

नवी गाणी ध्वनिमुद्रित करायची म्हटली की पहिला विचार वाद्यांचा होतो. ढोलकी हवी, कीबोर्ड हवा, मागे कोरस हवा. वाद्ये जितकी जास्त तितके गाणे मोठे, अशी पुष्कळांची समजूत असते. ट्रेसी चॅपमन या अमेरिकेतल्या कृष्णवर्णीय गायिकेने १९८८ साली आपला पहिला अल्बम केला, तेव्हा तिची काळजी नेमकी उलटी होती. वाद्यांच्या गर्दीत आपले शब्द बुडू नयेत, एवढेच तिचे मागणे होते.

ट्रेसीचा जन्म १९६४ चा, ओहायो राज्यातील क्लीव्हलँड या कारखान्यांच्या शहरातला. ती चार वर्षांची असताना आईवडील विभक्त झाले. आईने एकटीने दोन मुलींना वाढवले. हातात पैसा थोडा, तरी त्या माउलीने तीन वर्षांच्या पोरीला युकुलेली हे चार तारांचे छोटे वाद्य घेऊन दिले. पुढे आठव्या वर्षी गिटार आली. हुशार पण गरीब मुलांसाठीच्या एका योजनेतून तिला शिष्यवृत्ती मिळाली आणि ती कनेक्टिकट राज्यातील वूस्टर शाळेत शिकायला गेली. तिथल्या धर्मगुरूंनी शिक्षक-विद्यार्थ्यांकडून वर्गणी गोळा करून तिला नवी गिटार घेऊन दिली. नंतर टफ्ट्स विद्यापीठात तिने मानववंशशास्त्राचा अभ्यास केला. शिकता शिकता ती केंब्रिज शहरातल्या हार्वर्ड चौकात रस्त्याच्या कडेला उभी राहून गात असे.

विद्यापीठातल्याच एका विद्यार्थ्याने तिचे गाणे ऐकले. त्याचे वडील संगीत व्यवसायातले. त्यांच्या ओळखीने तिचा इलेक्ट्रा कंपनीशी करार झाला. पण तो काळ यंत्रावर वाजणाऱ्या तालाचा आणि झगमगाटाचा होता. गिटार घेऊन गरिबीवर गाणाऱ्या मुलीचा अल्बम करायला काही निर्माते तयार झाले नाहीत. अखेर डेव्हिड कर्शनबॉम यांनी ते काम घेतले. हॉलीवूडच्या स्टुडिओत सुमारे आठ आठवडे ध्वनिमुद्रण चालले. ड्रम आणि बास वाजवणारे वादकही पारखून निवडले. आवाज आणि शब्द पुढे, बाकी सारे मागे, हा नियम ठेवला.

अकरा गाणी. अकराही तिने स्वतः लिहिलेली. ‘बिहाइंड द वॉल’ या गाण्यात तर एकही वाद्य नाही. शेजारच्या घरात नवरा बायकोला मारतो, भिंतीपलीकडून ओरडणे ऐकू येते आणि पोलीस आले तरी काही होत नाही. ही हकिकत ती नुसत्या आवाजात सांगते. ऐकणाऱ्याला वाटते, भिंतीला कान लावून आपणच उभे आहोत. ‘फास्ट कार’मधली बाई दुकानात गल्ल्यावर काम करते. दारुड्या बापासाठी तिने शाळा सोडलेली असते. जोडीदाराबरोबर दुसऱ्या गावी जाऊन नवे आयुष्य मांडावे म्हणते, आणि शेवटी त्याच चक्रात सापडते. हे गाणे थेट आपल्या आयुष्यावरचे नाही, असे ट्रेसीने पुढे २०१० मध्ये बीबीसीला सांगितले. कष्टकरी घरात, एकट्या आईच्या हाताखाली वाढताना जे जग दिसले, ते त्यात आले आहे, असे तिचे म्हणणे.

अल्बम एप्रिल १९८८ मध्ये निघाला. ११ जून रोजी लंडनच्या वेम्बली मैदानात, तेव्हा तुरुंगात असलेल्या नेल्सन मंडेला यांच्या सत्तराव्या वाढदिवसानिमित्त मोठा कार्यक्रम झाला. ट्रेसीचे गाणे दुपारीच होऊन गेले होते. पण स्टीव्ही वंडर यांच्या वाद्यातला आवश्यक भाग ऐनवेळी सापडेना आणि ते ठरल्या वेळी मंचावर येऊ शकले नाहीत. मोकळी वेळ भरायला ट्रेसीला पुन्हा पाठवले. भल्यामोठ्या मंचावर ती एकटी, हातात गिटार. साठाहून अधिक देशांतल्या टीव्हीवर लोकांनी तिला पाहिले. बिघडायला तिच्याजवळ यंत्रच नव्हते! ऑगस्टमध्ये तो अल्बम अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर गेला. १९८९ मध्ये तिला तीन ग्रॅमी पुरस्कार मिळाले.

गोष्ट इथे संपत नाही. २०२३ मध्ये ल्यूक कोम्ब्स या गोऱ्या गायकाने ‘फास्ट कार’ जवळजवळ शब्दही न बदलता गायले. त्या वर्षी कंट्री म्युझिक असोसिएशनचा सर्वोत्तम गीताचा पुरस्कार त्या गाण्याला, म्हणजे ते लिहिणाऱ्या ट्रेसीला मिळाला. हा मान मिळवणारी ती पहिली कृष्णवर्णीय गीतकार. गाणे दुसऱ्याच्या गळ्यातून आले, तरी लिहिणारी म्हणून नाव तिचेच राहिले. २०२५ मध्ये तो पहिला अल्बम तबकडीवर नव्याने निघाला, तेव्हाही तिने जातीने लक्ष घातले.

आपल्या घरातही एखादी मुलगी वहीत गाणी लिहीत असेल. तिच्याजवळ वाद्ये नाहीत म्हणून तिला थांबवू नका. जे पाहिले, सोसले ते तिला तिच्याच शब्दांत लिहू द्या. आणि प्रत्येक गाण्याखाली तिचे नाव व तारीख घालायला मात्र विसरू नका.