घराण्याचा शाप आणि रक्ताची तपासणी

‘त्या घराण्याला शाप आहे’ असे आपल्याकडे सहज बोलले जाते. हातपाय आपोआप हलू लागले, चाल झिंगल्यासारखी झाली, स्वभाव चिडका बनला की शेजारी दारूचा संशय घेतात आणि घरचे देवऋषी गाठतात. यामागे हंटिंग्टन हा मेंदूच्या पेशींची झीज करणारा आजार असू शकतो. तो विरळा आहे, पण आपल्या देशातही आढळतो. बहुधा तिशी-चाळिशीत सुरू होतो. रोग्याच्या प्रत्येक अपत्याला, मुलगा असो वा मुलगी, तो येण्याची शक्यता निम्मी असते. लक्षणे दिसेपर्यंत पुष्कळांना मुले झालेली असतात, ही यातली खरी पंचाईत.

अमेरिकेत कोलंबिया विद्यापीठात प्राध्यापिका झालेल्या नॅन्सी वेक्सलर यांच्या आईला १९६८ साली हा आजार असल्याचे कळले. म्हणजे नॅन्सींनाही निम्मा धोका होताच. व्हेनेझुएलात माराकायबो सरोवराकाठच्या वस्त्यांत हा रोग पिढ्यान्‌पिढ्या चालत आला होता. तेथे वर्षानुवर्षे जाऊन त्यांनी वंशावळी लिहून काढल्या, रक्ताचे नमुने गोळा केले. पुढे ही वंशावळ १८,००० हून अधिक माणसांची झाली! नमुने बोस्टनला जेम्स गुसेला तपासत. रक्तातली अमुक खूण रोगाबरोबरच पुढच्या पिढीत उतरते की तो निव्वळ योगायोग, हा किचकट हिशेब इंडियाना विद्यापीठात मायकेल कॉनेली यांनी संगणकावर मांडला. १९८३ साली उत्तर मिळाले: दोष चौथ्या गुणसूत्रावर आहे. नेमके जनुक हाती लागायला मात्र १९९३ उजाडले. त्या जनुकात तीन अक्षरांचा एक तुकडा पुन्हापुन्हा येतो. तो ४० किंवा अधिक वेळा आला, तर पुरेसे आयुष्य लाभलेल्या माणसाला रोग होतोच.

त्यामुळे साध्या रक्ततपासणीने भविष्य आधीच कळू शकते. परंतु हालचाली कमी करणारी औषधे असली, तरी रोग बरा करणारे औषध अजून नाही. मग जाणून घ्यावे का? स्वतःची तपासणी केली की नाही, हे वेक्सलरबाईंनी वर्षानुवर्षे जाहीर केले नाही. आपल्यालाही हा आजार असल्याचे त्यांनी २०२० साली सांगितले.

स्थळ आले म्हणून मुलीला बळेच तपासणीला पाठवणे मला साफ नामंजूर आहे. निर्णय ज्याचा त्याने, सज्ञान झाल्यावर घ्यावा. लक्षणे नसलेल्या लहान मुलांची तपासणी तर करूच नये. घराण्यात असा आजार असेल तर आधी मेंदूविकारतज्ज्ञांना भेटावे आणि समुपदेशनानंतरच रक्त द्यावे. जाताना आईकडच्या व वडिलांकडच्या नातेवाइकांची यादी न्यावी: कोणाला त्रास झाला, कितव्या वर्षी सुरू झाला, आधी हालचाली बिघडल्या की स्वभाव.