समुद्रपूरहून जेरुसलेमची दिशा

ज्यू धर्मात सकाळी, दुपारी आणि संध्याकाळी उभे राहून म्हणायच्या मुख्य प्रार्थनेला ‘अमिदा’ म्हणतात. ती म्हणताना तोंड कोणीकडे असावे याचा नियम तालमूद या धर्मचर्चांच्या प्राचीन ग्रंथात पायरीपायरीने सांगितलेला आहे: परदेशात असलेल्याने इस्रायलच्या भूमीकडे, त्या भूमीत असलेल्याने जेरुसलेमकडे, जेरुसलेममध्ये असलेल्याने तिथल्या मंदिराकडे आणि मंदिरात असलेल्याने त्याच्या गाभाऱ्याकडे. ते मंदिर रोमनांनी इ.स. ७० मध्ये पाडले, पण नियम त्याच्या जागेला बांधलेला राहिला. त्यामुळे ज्यूंची प्रार्थनेची दिशा पूर्व किंवा पश्चिम अशी एकच नसून प्रार्थना करणारा कुठे उभा आहे यावर ती ठरते. युरोपातील ज्यू पूर्वेकडे वळतात, म्हणून ‘ज्यू पूर्वेला तोंड करून प्रार्थना करतात’ असे सरसकट लिहिण्याची सवय अनेक पुस्तकांना लागली आहे. महाराष्ट्रापुरते ते विधान साफ चुकीचे आहे.

कोकणात शेकडो वर्षे राहिलेल्या, मराठी बोलणाऱ्या बेने इस्रायल ज्यूंची प्रार्थनेची भिंत पश्चिमेची आहे. कंपनी सरकारच्या फौजेतील अधिकारी सॅम्युएल इझिकिएल दिवेकर यांनी १७९६ मध्ये मुंबईत ‘शार हारहामीम’, म्हणजे दयेचे द्वार, हे सिनेगॉग उभारले, आणि पुढे रेवदंडा, अलिबाग, पनवेल, ठाणे अशा ठिकाणी या समाजाची प्रार्थनामंदिरे झाली. समाजातले जुने लोक सिनेगॉगला ‘मशीद’ म्हणत, आणि मुंबईतील मशीद बंदर स्थानकाचे नाव या पहिल्या सिनेगॉगवरूनच पडले असे सांगितले जाते. जुन्या काळी घाणा चालवणारा आणि शनिवारी तो बंद ठेवणारा हा समाज गावोगाव ‘शनवार तेली’ म्हणून ओळखला जाई.

सिनेगॉगच्या आतली मांडणी दोन जागांभोवती फिरते. जेरुसलेमच्या बाजूच्या भिंतीत ‘हेखाल’, म्हणजे सेफेर तोरा ठेवण्याचे कपाट असते, त्यावर पडदा असतो आणि समोर देवळातल्या नंदादीपासारखा अखंड दिवा टांगलेला असतो. सेफेर तोरा म्हणजे मोशेच्या पाच ग्रंथांची चर्मपत्रावर हाताने लिहिलेली गुंडाळी. दुसरी जागा दालनाच्या मध्यभागी असते. तिला ‘तेबा’ म्हणतात, आणि तो लाकडी कठड्याने वेढलेला, पायऱ्या चढून जाण्याचा चौथरा असतो. प्रार्थना चालवणारा ‘हज्जान’ तेथे उभा राहतो. बाकडी तेबाच्या भोवतीने मांडलेली असतात, आणि स्त्रियांची बसण्याची जागा परंपरेने वरच्या सज्जात असते. ही मांडणी स्पेन-पोर्तुगालमधून विखुरलेल्या सेफार्दी ज्यूंच्या परंपरेतली असून बेने इस्रायलांपर्यंत ती पोहोचवण्यात कोचीच्या ज्यूंचा मोठा वाटा आहे.

हेखाल आणि तेबा यांच्यामधली मोकळी वाट हाच या वास्तूचा खरा कणा आहे, कारण प्रार्थनेतील हालचाल याच वाटेने होते. सोमवारी, गुरुवारी आणि शनिवारी सकाळी हेखालचा पडदा बाजूला करून सेफेर तोरा बाहेर काढतात. ती नळकांड्यासारख्या लाकडी पेटीत उभी ठेवलेली असते आणि वर चांदीची डाळिंबाच्या आकाराची टोके बसवलेली असतात. ती मिरवत तेबावर आणली जाते, उघडून सभोवार दाखवली जाते आणि उभ्या स्थितीतच वाचली जाते. अक्षरांना बोट लागू नये म्हणून ओळीवरून चांदीची हाताच्या आकाराची कांडी फिरते. वाचन चालू असताना सर्वांचे लक्ष दालनाच्या मध्याकडे असते. अमिदा सुरू झाली की तीच सारी माणसे हेखालकडे वळतात, तीन पावले मागे जाऊन तीन पावले पुढे येतात, दोन्ही पाय जुळवून उभी राहतात आणि ओठ हलतील पण शेजाऱ्याला ऐकू जाणार नाही इतक्या हळू आवाजात म्हणतात. ठरलेल्या चार जागी कंबरेत वाकायचे असते, आणि शेवटी पुन्हा तीन पावले मागे सरायचे असते, राजाच्या समोरून पाठ न फिरवता निघावे तसे. वाचनात समाज एकमेकांकडे पाहतो आणि अमिदेत सारा समाज एका दूरच्या शहराकडे पाहतो; एकाच दालनाला ही दोन्ही कामे करावी लागतात, म्हणून तेबा मध्यभागी ठेवण्याची जुनी पद्धत अधिक योग्य वाटते.

पश्चिमेला हेखाल असण्याचा आणखी एक परिणाम फारसा कुणी लक्षात घेत नाही. जेरुसलेमच्या मंदिराचे दार पूर्वेला होते आणि गाभारा पश्चिम टोकाला, आणि सिनेगॉगचे दारही पूर्वेला असावे असे एक जुने वचन आहे. युरोपात हे वचन आणि जेरुसलेमकडे तोंड करण्याचा नियम एकत्र पाळता येत नाहीत, कारण दार आणि हेखाल एकाच भिंतीत येतात. जेरुसलेमच्या पूर्वेला असलेल्या देशांत मात्र दोन्ही सहज जुळतात. सीरियातील दुरा-युरोपोस येथे उत्खननात सापडलेल्या, इ.स. २४४-४५ च्या सिनेगॉगमध्ये तोरेचा कोनाडा पश्चिमेच्या भिंतीत आहे. कोकणातल्या सिनेगॉगांना हीच सोय मिळाली, जरी दाट वस्तीत रस्ता ज्या बाजूला असेल त्याच बाजूला दार ठेवण्यावाचून गत्यंतर नसे.

भिंत पश्चिमेची असली तरी जेरुसलेम नेमके पश्चिमेला नाही. पृथ्वीच्या गोलावरील सर्वांत जवळच्या मार्गाने मोजले तर मुंबईहून ते पश्चिमेच्या सुमारे २८ अंश उत्तरेला येते. हाच हिशेब वर्धा जिल्ह्यातील समुद्रपूरसाठी केला तर अंतर सुमारे साडेचार हजार किलोमीटर आणि दिशा पश्चिमेच्या सुमारे २५ अंश उत्तरेला निघते. समुद्रपुरात सिनेगॉग नाही, पण हा नियम एकट्या प्रवाशालाही लागू आहे, आणि जिल्ह्याला असा पाहुणा अनोळखी नाही: गांधीजींचे दक्षिण आफ्रिकेतील स्नेही, ज्यू वास्तुविशारद हर्मन कॅलनबाख १९३९ मध्ये सेगावच्या, म्हणजे पुढच्या सेवाग्रामच्या, आश्रमात राहिले होते.

समुद्रपूरच्या अक्षांशावर या २५ अंशांना एक सुंदर खूण मिळते. २१ जूनला, वर्षातील सर्वांत मोठ्या दिवशी, येथे सूर्य पश्चिमेच्या जवळपास तितकेच अंश उत्तरेला मावळतो. म्हणजे त्या संध्याकाळी मावळत्या सूर्याकडे तोंड करून उभा राहणारा माणूस फार तर अर्ध्या अंशाच्या फरकाने जेरुसलेमकडे तोंड करून उभा असतो. २१ जूनच्या मागेपुढे आठवडाभर मावळतीची जागा जवळजवळ हलत नाही. विदर्भात तोवर पावसाचे ढग भरून येतात हे खरे. मग हात लांब करून मूठ धरावी, तिची रुंदी सुमारे १० अंश भरते, आणि पश्चिमेपासून उजवीकडे अडीच मुठी मोजाव्यात. रात्री ध्रुवताऱ्यापासून डावीकडे साडेसहा मुठी मोजल्या की तीच जागा येते. याच तालुक्यात गिरडच्या टेकडीवर शेख फरीद यांचा दर्गा आहे, आणि तेथे नमाज पढणाऱ्याची मक्केची दिशा पश्चिमेच्या सुमारे ८ अंश उत्तरेला, म्हणजे एका मुठीच्याही आत येते. इस्लामच्या आरंभीच्या वर्षांत नमाजाची दिशाही जेरुसलेमचीच होती आणि इ.स. ६२४ च्या सुमारास ती मक्केकडे वळली.

इतके मोजमाप धर्मशास्त्राने सामान्य माणसावर लादलेले नाही. योसेफ कारो यांनी सोळाव्या शतकात रचलेल्या ‘शुल्हान आरूख’ या आचारसंहितेनुसार, ज्याला दुसऱ्या दिशेला उभे राहणे भाग आहे त्याने निदान चेहरा जेरुसलेमकडे वळवावा, आणि ज्याला दिशा कळणेच शक्य नाही त्याने मन ईश्वराकडे लावावे. वाहनावर असलेल्याला त्यासाठी खाली उतरण्याचीही सक्ती नाही. पश्चिमेच्या भिंतीतील हेखालसमोर उभ्या असलेल्या मुंबईकर बेने इस्रायलाला नेमकी दिशा साधायचीच असेल, तर पाय हेखालकडे ठेवून चेहरा किंचित उजवीकडे वळवला की पुरते.