व्यक्तिसापेक्ष अध्यापन आणि विद्यार्थ्याची घरची भाषा

विद्यार्थ्याची भाषिक पूर्वपीठिका ओळखून अध्यापन करणे, हा व्यक्तिसापेक्ष अध्यापनाचा गाभा होय. मेळघाटातील सेमाडोह परिसराचे उदाहरण घ्या. कोरकू ही मुंडा शाखेतील भाषा. तिच्यात नामांचा भेद सजीव-निर्जीव असा आहे, मराठीसारखी तीन लिंगे नाहीत. त्यामुळे कोरकूभाषक मुलाने ‘माझा वही’ असे लिहिले, तर तो निष्काळजीपणा नव्हे. (वही स्त्रीलिंगी का, हे आपणही सांगू शकणार नाही!) त्याला ‘माझी वही, माझा खडू, माझे पुस्तक’ असा तोंडी सराव हवा. वऱ्हाडीभाषक मुलाला लिंगव्यवस्था अवगत असते. ते ‘पाणी’ऐवजी ‘पानी’ लिहिते, तेथे प्रश्न उच्चाराचा असतो. लाल खूण मात्र दोन्ही वह्यांत सारखीच उमटते. म्हणून शिक्षकाने गुण देण्यापूर्वी प्रत्येक मुलाच्या चुका स्वतंत्रपणे टिपाव्यात आणि पुढील आठवड्याचा सराव त्यांवरून ठरवावा.