कळ पायात, मूळ कमरेत

दिवाळीच्या आधीचे पंधरा दिवस म्हणजे कमरेची परीक्षाच. माळ्यावरचे डबे उतरवायचे, गाद्या उन्हात घालायच्या, कपाटे सरकवून मागची जळमटे काढायची. आणि हे आटोपते न आटोपते तोच ओट्यापाशी चकल्या तळत तासन्‌तास उभे राहायचे, नाहीतर जमिनीवर बसून करंज्या लाटायच्या. एरवी हातातल्या पिशवीपलीकडे काही न उचलणारे यजमानही या दिवसांत हौसेने पंधरा किलोचा तेलाचा डबा उचलतात. मग एखाद्या सकाळी अंथरुणातून उठताना कमरेतून चमक निघते आणि कुल्ल्यातून, मांडीच्या मागून, पोटरीतून थेट पावलापर्यंत विजेसारखी धावत जाते. शिंक आली की कळ, खोकला आला की कळ, खाली वाकले की कळ.

घरात लगेच वैद्यकी सुरू होते. आजी तेल कोमट करायला घेतात. शेजारचे काका एका शब्दात निदान करतात, ‘सायटिका! महिनाभर पडून राहा.’ ऑफिसातले कोणी कमरेचा पट्टा सुचवतात, तर कोणी ‘नस बसवून देणाऱ्या’ माणसाचा पत्ता आणून देतात. सगळ्यांचा हेतू चांगलाच असतो. पण यातले बहुतेक सल्ले आजच्या वैद्यकशास्त्राच्या कसोटीला उतरलेले नाहीत, आणि जी गोष्ट खरोखर उपयोगी पडते ती सहसा कोणी सुचवत नाही. ती गोष्ट म्हणजे मोजूनमापून केलेली हालचाल.

दुखणे जुनेच

हे दुखणे आजचे नव्हे. चरकसंहितेत वातविकारांमध्ये ‘गृध्रसी’ नावाने त्याचे वर्णन आले आहे. कुल्ल्यापासून सुरू होऊन कंबर, मांडी, गुडघा, पोटरी आणि पाऊल असा वेदनेचा क्रम त्यात सांगितला आहे. गृध्र म्हणजे गिधाड. या रोग्याची चाल गिधाडासारखी होते म्हणून हे नाव पडले असे सांगतात. युरोपात नेपल्सच्या डोमेनिको कोतुन्यो यांनी १७६४ साली या विकारावर स्वतंत्र ग्रंथ लिहिला आणि दुखण्याचा संबंध पायात जाणाऱ्या मज्जातंतूशी जोडला. पण त्या मज्जातंतूला त्रास देते कोण, याचे उत्तर मिळायला पुढे पावणेदोनशे वर्षे जावी लागली. १९३४ साली बोस्टनचे डॉक्टर मिक्स्टर आणि बार यांनी दाखवून दिले की, पुष्कळ रोग्यांत गुन्हेगार असते ती दोन मणक्यांमधली चकती.

‘गादी सरकली’ म्हणजे काय?

आपण बोलताना ‘शीर दबली’ म्हणतो. पण ही रक्ताची शीर नव्हे. हा मज्जातंतू आहे, आणि तोही शरीरातला सर्वांत जाड. जवळजवळ आपल्या बोटाएवढा. कमरेच्या खालच्या मणक्यांतून आणि त्याखालच्या त्रिकास्थीतून निघणाऱ्या पाच मुळ्या एकत्र येऊन तो तयार होतो. कुल्ल्यातल्या स्नायूखालून तो मांडीच्या मागे उतरतो आणि गुडघ्याच्या आसपास दुभंगून पावलापर्यंत पोहोचतो. मुळीजवळ त्याला डिवचले, तर मेंदूला वाटते की दुखते आहे ते पोटरीत. म्हणून पोटरी कितीही चोळली तरी मूळ कारण जागच्या जागी राहते.

आता चकती. बाहेरून चिवट वेढे आणि आत मऊ गर, अशी तिची रचना असते. ती साबणाच्या वडीसारखी सरकत नाही. झीज, वाकून उचललेले ओझे, सततचे बसणे अशा कारणांनी वेढे कमकुवत होतात आणि आतला गर बाहेर डोकावतो. तो शेजारच्या मुळीवर दाब देतो, शिवाय तिथे दाहही निर्माण करतो. या दाहामुळेच वेदना इतकी तीव्र असते.

पण एक दिलासा देणारी गोष्ट ध्यानात ठेवावी. बाहेर आलेला हा गर शरीर पुष्कळदा हळूहळू शोषून घेते, आणि बहुतेकांचे दुखणे सहा ते बारा आठवड्यांत बरेच ओसरते.

म्हणूनच एम.आर.आय.चा अहवाल वाचून हातपाय गाळू नयेत. ज्यांना कसलेही दुखणे नाही अशा माणसांच्या चित्रांचा एकत्रित अभ्यास २०१५ साली प्रसिद्ध झाला. त्यात विशीतल्या शंभरांपैकी सुमारे तीस जणांची चकती फुगलेली आढळली. ऐंशीच्या घरातल्यांत हेच प्रमाण चौऱ्याऐंशी होते. पांढरे केस जसे वयाचे, तसे यातले पुष्कळसे बदलही वयाचे. चित्र आणि लक्षणे यांचा मेळ बसतो की नाही हे पाहायला जाणकारच हवा.

पडून राहावे का?

पहिले एकदोन दिवस कळ असह्य असेल तर खुशाल पडावे. पण पुढे? नेदरलँड्समधल्या डॉक्टरांनी १८३ सायटिका रोग्यांचे दोन गट केले. एकाला दोन आठवडे अंथरुणावर ठेवले, दुसऱ्याला जमेल तसे हिंडूफिरू दिले. १९९९ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाला : अंथरुणावर पडून राहणाऱ्यांना काडीचाही जास्त फायदा झाला नाही. उलट स्नायू ढिले पडतात, सांधे आखडतात आणि मनात हालचालीची धास्ती बसते, हे नुकसान वेगळेच.

पट्टे आणि यंत्रांचीही तीच गत. ब्रिटनमध्ये उपचारांची छाननी करणाऱ्या ‘नाइस’ या संस्थेने २०१६ साली स्पष्ट सांगितले की, कंबरदुखी आणि सायटिका यांसाठी कमरेला वजन लावून ताण देणे, पट्टे बांधणे किंवा विजेच्या यंत्रांचा शेक देणे यांची शिफारस करू नये; व्यायामाची मात्र करावी. गरम पाण्याच्या पिशवीने बरे वाटते, तेलाच्या मालिशीने स्नायू सैलावतात, हे खरे. ते सुख जरूर घ्यावे. त्याला उपचार समजू नये. मधुमेही माणसाने तर बधिर पायावर गरम पिशवी ठेवूच नये. कातडी भाजली तरी कळत नाही.

भौतिकोपचारतज्ज्ञ काय पाहतात?

आपल्याकडे भौतिकोपचाराचे पद्धतशीर शिक्षण १९५३ साली मुंबईत, परळच्या के. ई. एम. रुग्णालयात सुरू झाले. आता शहरोशहरी पदवीधर तज्ज्ञ आहेत. चांगला तज्ज्ञ तुम्हाला आल्या आल्या यंत्राला जोडून ठेवत नाही. तो आधी विचारतो : कळ नेमकी कुठवर जाते? बसल्यावर वाढते की चालल्यावर? मग तुम्हाला उताणे निजवून सरळ पाय हळूहळू वर उचलतो. तीस ते सत्तर अंशांच्या दरम्यान गुडघ्याखाली कळ गेली, तर मुळी डिवचली गेल्याचा संशय बळावतो. ही परीक्षा पॅरिसच्या लासेग यांच्या नावाने ओळखली जाते. पण सर्बियाचे लाझार लाझारेविच यांनी १८८० सालीच ती लिहून ठेवली होती. हे डॉक्टर आपल्या देशात कथालेखक म्हणूनही नावाजलेले होते! त्यानंतर टाचांवर चालवून, चवड्यांवर चालवून आणि घोट्यामागे हातोडीने हलकेच ठोकून कोणती मुळी दुखावली आहे याचा अंदाज घेतला जातो.

वेलिंग्टनमधला योगायोग

१९५६ साली न्यूझीलंडमधल्या वेलिंग्टन शहरात रॉबिन मॅकेन्झी या तरुण तज्ज्ञाकडे पायाच्या कळेने बेजार झालेला एक रोगी येत असे. एके दिवशी मॅकेन्झी यांनी त्याला आत जाऊन पालथे पडायला सांगितले. आधीच्या रोग्यासाठी टेबलाचे एक टोक वर उचललेले राहिले होते. हा बापडा तसाच, कंबर मागे वाकलेल्या स्थितीत काही मिनिटे पडून राहिला. मॅकेन्झी येऊन पाहतात तो रोगी म्हणतो, पायातले दुखणे गेले! या योगायोगाचा त्यांनी वर्षानुवर्षे पाठपुरावा केला आणि त्यातून एक उपचारपद्धतीच उभी राहिली.

तिचे मर्म असे : कळ पावलाकडून पोटरीत, पोटरीतून मांडीत, मांडीतून कमरेत अशी माघार घेऊ लागली, तर व्यायाम बरोबर आहे. मग कंबर थोडी जास्त दुखली तरी घाबरू नये. उलट कळ खाली पावलाकडे उतरू लागली, तर तो व्यायाम तुमचा नव्हे, तिथेच थांबावे.

घरचा व्यायाम

तज्ज्ञाने एकदा तपासल्यावर साधारणपणे पुढील क्रम सांगितला जातो.

१. सतरंजीवर दोनतीन मिनिटे पालथे, सैल पडावे.

२. ते सोसले की कोपरांवर रेलून छाती उचलावी. पुन्हा दोनतीन मिनिटे.

३. मग तळहातांवर जोर देऊन छाती वर न्यावी, कंबर जमिनीकडेच सोडावी. दिसायला भुजंगासनासारखेच, पण कमरेला जोर लावायचा नाही. सावकाश दहा वेळा, दिवसातून चारपाचदा.

४. कळ ओसरू लागल्यावर खुर्चीत ताठ बसून दुखरा पाय गुडघ्यात सावकाश सरळ करावा आणि त्याच वेळी मान वर न्यावी. पाय खाली घेताना मान खाली. याने मज्जातंतू आपल्या मार्गात मोकळेपणी सरकू लागतो.

५. शेवटी बळ वाढवणे : उताणे पडून, गुडघे दुमडून कुल्ले उचलणे, आणि रोजचे चालणे. आरंभी दहा मिनिटे, मग वाढवत अर्धा तास.

मात्र आईवडिलांना हाच कागद देऊ नका. साठीनंतर अनेकांची कळ मणक्यातली पोकळी अरुंद झाल्यामुळे असते. चालले की पाय भरून येतात, बसले किंवा पुढे वाकले की बरे वाटते, ही तिची खूण. अशांना मागे वाकण्याने त्रास वाढतो. त्यांना उताणे पडून गुडघे छातीशी घेणे किंवा जागेवरची सायकल मानवते.

सवयींचा हिशेब

अर्ध्या तासाहून जास्त सलग बसू नये. उठून चार पावले टाकावीत. मागच्या खिशातले जाड पाकीट बसण्यापूर्वी काढून ठेवावे. अंथरुणातून उठताना आधी कुशीवर वळावे, मग हाताच्या आधाराने उठावे. कुशीवर निजताना गुडघ्यांत उशी घ्यावी. पाण्याची बादली उचलायची तर गुडघ्यात वाकून आणि अंगाशी धरून. किंवा अर्धीच भरून दोन खेपा घालाव्यात. फळीवर नाहीतर जमिनीवरच झोपले पाहिजे, हा तर आपल्या घरोघरचा समज. स्पेनमध्ये जुनाट कंबरदुखीच्या ३१३ रोग्यांवर केलेल्या प्रयोगात (२००३) अगदी कडक गादीपेक्षा मध्यम कडक गादी अधिक सुखाची ठरली.

इथे मात्र वेळ दवडू नये

लघवी अडणे किंवा नकळत होणे, शौचावर ताबा न राहणे, दोन्ही मांड्यांच्या आतली, खोगीर टेकते ती जागा बधिर होणे, दोन्ही पायांत शक्ती कमी होणे : यांतले एक लक्षण दिसले तरी त्याच दिवशी, रात्र असली तरी, रुग्णालय गाठावे. तातडीची शस्त्रक्रिया झाली नाही तर नुकसान कायमचे होऊ शकते. पाऊल लोंबू लागले, दुखण्यासोबत ताप असला, वजन घटत असले, पडझड झालेली असली किंवा पूर्वी कॅन्सर होऊन गेला असला, तरीही घरगुती उपाय बाजूला ठेवून डॉक्टरांकडे जावे.

आणि एरवीची शस्त्रक्रिया? २००७ साली प्रसिद्ध झालेल्या एका डच प्रयोगात तीव्र सायटिकाचे २८३ रोगी होते. लवकर शस्त्रक्रिया केलेल्यांना आराम लवकर पडला. पण वर्षअखेर दोन्ही गट सारखेच बरे होते. वाट पाहणाऱ्या गटातल्या सुमारे चाळीस टक्क्यांना मात्र पुढे शस्त्रक्रिया करून घ्यावी लागली. म्हणजे शस्त्रक्रियेचे भय नको, तशीच घाईही नको.

या दुखण्यात सर्वांत जास्त आबाळ होते ती घरातल्या बाईची. यजमानांची कंबर धरली की रजा निघते. तिची धरली तर पदर खोचून पोळ्या होतातच. गोळ्या तिला कोणीही आणून देईल, पण व्यायाम तिचा तिनेच करायचा आहे, आणि त्याला दिवसातून चारदा दहा मिनिटे लागतात. तेवढा वेळ सतरंजी अंथरून देणे, गॅसवरच्या दुधाकडे पाहणे आणि जड डबा स्वतः उचलणे, हे घरच्यांचे काम आहे. ते सहा आठवडे नेमाने करावे; तिच्या पायातली कळ बहुधा कमरेकडे माघार घेऊ लागलेली दिसेल.