आज चालू आहे का?

गुहागरच्या खालच्या पाटातल्या एका घरगुती खाणावळीत सकाळी दोन कामं एकाच वेळी सुरू होतात. आत काकू मोदकांच्या उकडीसाठी आधण ठेवतात आणि पडवीत त्यांची सून मोबाइल उघडते. व्हॉट्सॲपवर रात्रीतून आलेले निरोप थांबलेले असतात. ‘आज चालू आहे का?’ ‘पंधरा माणसं येतोय, मोदक मिळतील ना?’ ‘मोठी बस दारापर्यंत येते का?’ आधी यांना उत्तरं द्यायची. मग गूगलवर नवा रिव्ह्यू आलाय का, वेळ किंवा फोन नंबर कुणी बदललाय का, ते पाहायचं. इन्स्टाग्राम सर्वांत शेवटी. हिशेबाच्या वहीत नारळ सोलणाऱ्याची मजुरी लिहिलेली असते, दूधवाल्याचे पैसे असतात. सुनेच्या या तासाभराची नोंद कुठेच नसते.

ती असायला हवी. चिपळूणहून येणारा असो की दाभोळ-धोपावे फेरीबोटीतून दापोलीकडून उतरलेला, पर्यटक आता नाक्यावर गाडी थांबवून कुणाला विचारत नाही. मॅप सांगेल तिकडे वळतो.

आणि मॅप सुरुवातीला चुकीचंच सांगत होता. खाणावळीची पिन वाडीच्या मागच्या अंगाला, समुद्राच्या बाजूला पडलेली. त्यामुळे गाड्या मुख्य रस्ता सोडून दोन गडग्यांमधल्या पाणंदीत शिरायच्या. पुढे नारळ, मागे दुसरी गाडी, वळायला जागा नाही. आरसे मिटून, उतरलेल्या माणसांनी हात दाखवत गाडी उलटी बाहेर काढायची आणि शेजाऱ्यांची बोलणी काकूंनी ऐकायची. शेवटी सुनेने फाटकात उभं राहून, उपग्रहाच्या चित्रात आपल्या घराची कौलं शोधून, पिन बोटाने रस्त्याच्या कडेला आणली. ही दुरुस्ती मान्य होईपर्यंत पाणंदीच्या तोंडाशी ‘खाणावळीकडे जाण्याचा रस्ता इकडून नाही’ अशी खडूने लिहिलेली पाटी टेकवलेली होती.

ज्या सोयीवर हे सगळं चालतं, ती २०१४ मध्ये ‘गूगल माय बिझनेस’ या नावाने आली आणि २०२१ मध्ये तिचं ‘गूगल बिझनेस प्रोफाइल’ झालं. नोंद फुकट आहे. मात्र धंदा खरोखर त्या जागी आहे आणि तो आपणच चालवतो, हे सिद्ध करावं लागतं. पूर्वी त्यासाठी पाच आकडी कोड असलेलं कार्ड टपालाने यायचं. आता बऱ्याचदा व्हिडिओ मागतात, तोही एका दमात, मध्ये न थांबता काढलेला. सुनेने रस्त्यापासून सुरुवात केली. शेजारच्या दुकानाचा फलक, मग आपला फलक, अंगण, बाकं, आत चुलीवरची मोदकपात्रं, आणि शेवटी गल्ल्याचं कुलूप स्वतःच्या हाताने उघडताना. काकू पदर सावरत बाजूला सरकल्या तेव्हा तिने चालता चालताच सांगितलं, “आई, तुम्ही तिथेच थांबा. तुम्ही दिसलात तर बरंच आहे.”

फलकावर जे नाव, तेच नोंदीत हवं. गावात येऊन गेलेल्या एका एजंटाने नावापुढे ‘बेस्ट व्हेज थाली निअर बीच’ असं जोडायचा सल्ला दिला होता. तिने तो मानला नाही. शेजारच्या एका घरगुती निवासाने मानला, आणि ऐन मे महिन्यात त्यांची नोंद मॅपवरून दिसेनाशी झाली. ‘मॅपवर पहिला नंबर’ अशी हमी देणाऱ्या कुणालाही पैसे देऊ नयेत. गूगल तीन गोष्टी पाहतं: शोधलेल्या गोष्टीशी धंदा किती जुळतो, शोधणाऱ्यापासून तो किती लांब आहे आणि लोकांना तो किती परिचित आहे. पैसे भरून हा क्रम विकत घेता येत नाही.

या कामाला मार्केटिंग म्हणतात खरं, पण निम्म्याहून अधिक वेळ दुरुस्तीत जातो. कारण नोंद आपली असली तरी तिच्यात बदल सुचवायला कुणालाही मुभा आहे. गौरी-गणपतीत खाणावळ बंद होती. सुट्टीच्या विशेष वेळा टाकायच्या राहून गेल्या होत्या. हेदवीहून दर्शन करून जेवायला आलेल्या कुणीतरी बंद दार पाहून ‘कायमचं बंद’ असं सुचवलं, आणि सणानंतरचे काही दिवस अंगण रिकामं राहिलं. आता प्रत्येक सणाच्या तारखा ती आधीच भरून ठेवते.

फोन नंबरचं तर विशेष जपावं लागतं. २०१८ मध्ये महाराष्ट्राच्या सायबर पोलिसांकडे तक्रारी आल्या होत्या, की भामट्यांनी मॅपवरच्या बँकेच्या नोंदीत स्वतःचे नंबर घातले आणि बँक समजून फोन करणाऱ्यांकडून कार्डाची माहिती काढून घेतली. खाणावळीत बँकेएवढे पैसे नसले, तरी पंधरा मोदकांच्या पानांचा ॲडव्हान्स भलत्याच खात्यात जाऊ शकतो. म्हणून आठवड्यातून एकदा ती मॅपवरचा नंबर दुसऱ्या फोनवरून लावून पाहते. तसं पाहताना जस्टडायलवर सासऱ्यांच्या काळातली, केव्हाच बंद पडलेली लँडलाइन सापडली. मुंबईत १९९६ मध्ये फोनवरून पत्ते सांगण्यासाठी सुरू झालेल्या या सेवेत खाणावळीचं नाव कुणी घातलं, ते घरात कुणालाच आठवेना.

रिव्ह्यू वाचताना मात्र काकू स्वतः बाहेर येतात. एकाने एकच तारा दिला होता: मोदक संपले होते, आधी सांगितलं नाही. काकू भडकल्या. “लिही त्यांना, मोदक काय यंत्रातून पडतात होय?” सुनेने लिहिलं: ‘नमस्कार. त्या दिवशी मोदक दीडलाच संपले, बाहेर पाटी लावायला हवी होती. मोदक हाताने वळतो, म्हणून मोजकेच होतात. पुढच्या वेळी आदल्या दिवशी कळवलंत तर तुमच्या नावाने बाजूला ठेवू.’ तो एक तारा तसाच राहिला. पण आता बरेच लोक आदल्या दिवशी कळवतात. असं उत्तर तक्रारदाराइतकंच मागून वाचणाऱ्यांसाठीही असतं. नको असलेला रिव्ह्यू मालकाला खोडता येत नाही, नियमभंग असेल तर कळवता येतं. ग्राहकांनी टाकलेल्या फोटोंचंही तेच. जुन्या दरफलकाचा एक फोटो दाखवून लोक अजून जुन्या भावात थाळी मागतात. त्यावर तिने उपाय काढला, दर बदलला की त्याच दिवशी तारखेसकट नवा फोटो टाकायचा.

तारे विकत देणारेही भेटतात. सवलतीच्या बदल्यात रिव्ह्यू घेणं गूगलच्या नियमात बसत नाही. खोट्या रिव्ह्यूंना आळा बसावा म्हणून भारतीय मानक ब्युरोनेही २०२२ मध्ये आयएस १९००० हे मानक आणलं आहे.

फेसबुकवर खाणावळीची दोन पानं आहेत. पहिलं भाच्याने काढलं होतं. तो नोकरीला मुंबईला गेला, पासवर्ड विसरला, आणि त्या पानावर विचारणा येतच राहिल्या. लहान धंद्यांत हे इतक्या घरांत घडतं, की पान किंवा नोंद काढतानाच मालकी कुणाच्या ईमेलवर आहे हे आधी ठरवायला हवं. गूगलवर सुनेने मुख्य मालकी काकूंच्या ईमेलवर ठेवली, स्वतः व्यवस्थापक राहिली, आणि पासवर्डाचा कागद एफएसएसएआयच्या नोंदणीपत्रासोबत कपाटात ठेवला.

सध्या ती शेजारच्या त्या निवासाची नोंदही सोडवून देते आहे. नाव फलकाप्रमाणे केलं, वीजबिल आणि नोंदणीपत्र जोडून अपील पाठवलं. “तुझे किती द्यायचे?” असं शेजारच्या वहिनींनी विचारलं तेव्हा ती “राहू दे हो” म्हणणार होती. काकूंनी आतून आकडा सांगितला, महिन्याचा.